नावाची संमती

प्रमिला हिलमच्या लोणच्याला तीन वर्षं नावच नव्हतं.

शेणव्याजवळच्या कातकरवाडीत ती आणि वाडीतल्या चार बायका उन्हाळ्याच्या तोंडाला कच्ची करवंदं आणून लोणचं घालायच्या. प्रमिलाचा नवरा दिनेश वाशिंदच्या कारखान्यात कामाला जायचा, तेव्हा बरण्या मोटरसायकलला बांधून तिथल्या दुकानात पोचवायचा. दुकानदार झाकणावर पेनाने ‘करवंद’ एवढंच लिहायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, “ते शेणव्याचं लोणचं द्या.” तेवढ्यावर चाललं होतं.

एक दिवस दिनेश कामावरून आला तो पिशवीतून एक परकी बरणी घेऊन. तिच्यावर छापील कागद होता, ‘शेणव्याचं करवंद लोणचं’. आत करवंदं थोडी आणि आंबूस पाणीच जास्त. कुणी बनवलं, कुठून आलं, दुकानदारालाही धड सांगता येईना.

“आपलं नाव चोरलं गो,” दिनेश चिडून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं शहापूरला सारिका वकिलांकडे गेली. तहसील कचेरीजवळच्या गल्लीत त्यांचं लहानसं ऑफिस. सारिका स्वतः डोळखांबकडच्या एका डोंगरगावातली, तिशीतली, सडेतोड बोलणारी बाई. धंद्यांची नोंदणी, ट्रेडमार्क असली कामं करायची. तिने बरणी फिरवून पाहिली.

“चोरलं म्हणता, पण तुम्ही नाव घेतलंच कुठं होतं?” ती म्हणाली. “आणि गावाचं नाव असं कुणा एकाला मिळत नाही. दुसरं काही सांगा, बघू.”

दिनेशने रस्त्यात नावं जुळवून ठेवली होती. ‘रानमेवा’ म्हणाला. सारिकाने लॅपटॉपवर शोधलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पानंच्या पानं भरून रानमेवे. ‘माहुली’ आधीच कुणीतरी घेतलेलं. ‘प्रमिला’चंही तेच.

“असं नाव आणा, जे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचणार नाही,” सारिका म्हणाली. “हे लोणचं शिकवलं कुणी तुम्हाला?”

“काशीमावशीनं,” प्रमिला पटकन बोलून गेली. “आमच्या आश्रमशाळेत जेवण करायची.”

“मग काशीमावशीचंच लावा की. आहेत का त्या?”

“नाय माहीत. वीस वर्षं झाली.”

सारिकाने पेन खाली ठेवलं. “शोधावं लागेल. एका खऱ्या बाईचं नाव तुम्ही मालावर लावणार. ती हयात असेल तर तिची लेखी संमती घ्यायची. वारली असेल तर घरच्यांची. कायद्याचं सोडा, तिला न विचारता लावलेलं तुम्हाला तरी बरं वाटेल का?”

प्रमिलाने नकारार्थी मान हलवली. परतीच्या रस्त्यात तिला ती शाळा आठवत राहिली.

ती चौथीत होती तेव्हाची गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत ती राहायची. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू होते न होते तोच तिचा बाप सुक्या दारात उभा राहिला. कडेवर दीड वर्षाचा अमित. वीटभट्टीवर न्यायला मुकादमाचा ट्रक आला होता. आई-बाप दोघं मातीत राबणार, मग अमितला सांभाळणार कोण? म्हणून तो प्रमिलाला न्यायला आला होता. “शाळा पुढल्या साली,” तो म्हणाला. ते पुढलं साल वाडीतल्या कुठल्याच पोरीच्या वाट्याला आलं नव्हतं. प्रमिलाने पत्र्याची पेटी भरली. तिला रडायलाही सुचलं नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काशीमावशी बाहेर आली. बुटकी, जाडजूड, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले.

“सुक्या, पोरीला कशाला नेतोस?”

“पोरगा कोण बघंल?”

“मग पोरग्याला ठेव ना हितं.”

सुक्याला आधी ती थट्टाच वाटली. तिने अमितला त्याच्या कडेवरून उचललं, स्वतःच्या कमरेवर बसवलं आणि म्हणाली, “वैशाखात ये न् दोगांना घेऊन जा.”

शाळेत तान्हं पोर ठेवायची परवानगी कुणालाच नव्हती. अमित स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत तांदळाच्या गोण्यांवर झोपायचा. साहेब तपासणीला आले की काशीमावशी त्याला लाकडांच्या खोपीत नेऊन बसवायची आणि हातात गुळाचा खडा द्यायची. टोपांच्या काठांना धरून धरून तो चालायला शिकला. प्रमिला वर्गात बसायची, संध्याकाळी मावशीसोबत तांदूळ निवडायची. फिकं वरण पोरांना घशाखाली उतरेना, म्हणून मावशी करवंदाचं लोणचं घालायची. ते लोणचं प्रमिला तिथे शिकली. पुढची दोन वर्षंही असंच चाललं. सातवीत जाताना ती उन्हाळ्याची सुट्टी संपवून परत आली, तर चुलीपुढे दुसरीच बाई होती. काशीमावशी कुठे गेली, मुलांना कुणी सांगितलं नाही.

प्रमिला बारावीपर्यंत शिकली. अमितने आयटीआय केलं. तो आता आसनगावजवळ एका कंपनीत फिटर आहे. काशीमावशीचं त्याला काही आठवत नव्हतं, बहिणीने सांगितलं तेवढंच माहीत. पण संमतीचं ऐकल्यावर त्याने आपणहून रजा टाकली. “चल, मी नेतो,” म्हणाला.

आधी दोघं शाळेत गेली. तिथला कारकून रवींद्र भला माणूस निघाला. त्याने कपाटावरचे जुने हजेरीपट खाली काढले, धूळ झटकली आणि बोट फिरवत फिरवत थांबला. ‘काशी वाळू मेंगाळ, स्वयंपाकी मदतनीस.’ गाव टोकावड्याच्या पुढची एक ठाकरवाडी. महिन्यामागून महिना, वर्षामागून वर्ष, त्या नावापुढे जांभळा अंगठा. प्रमिलाने एका अंगठ्यावर हळूच बोट ठेवलं.

ठाकरवाडीत काशी मेंगाळचं घर पहिल्याच माणसाने दाखवलं. अंगणात एक बाई वरी वाळत घालत होती. अमितने चपला काढल्या आणि प्रमिला काही बोलायच्या आत जाऊन तिच्या पाया पडला.

“अरे थांब,” प्रमिला म्हणाली. “ही ती नाय.”

बाई उंच होती, सडपातळ, लांब मानेची. वय वाढलं म्हणून कुणाची उंची वाढत नाही. बाईने अमितकडे पाहिलं, प्रमिलाकडे पाहिलं आणि विचारलं, “कोण रे तुमी?”

“आमी शेणव्याच्या कातकरवाडीतली,” प्रमिला म्हणाली. “काशी मेंगाळ तुमीच ना?”

“मीच.”

“शाळेत जेवण करायच्या?”

“करायची त. दोन पावसाळे केलं.” तिने लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. पोटरीवर चुरगळल्यासारखी कातडी होती. “उकळत्या डाळीचा टोप सांडला. मंग घरीच बसले.”

“पण हजेरीपटावर नऊ वर्षं तुमचं नाव हाय.”

बाई हसली आणि खाली बसली. त्यांनाही बस म्हणाली.

“माझ्या जागी ठमी आली. ठमी वाघ, तुमच्यातलीच, कातकरीण. साहेब तिला बोलला, नव्या नावाला वरून ऑर्डर लागते, तवर काशीच्याच नावापुढं अंगठा देत जा. तवर तवर म्हनता सात वर्षं गेली. हजेरीला काशी, म्हनून पोरं पन काशीच बोलायची.”

अमितने विचारलं, “तुमाला कसं कळलं हे?”

“तीच आली होती ना माझ्याकं! शाळंपासून चालत. पायात चपला नव्हत्या. बोलली, ‘बाई, मी तुझं नाव वापरते, पोटासाठी वापरते. तू हो बोल, नायतर मला झोप लागत नाय.’ मी बोलले, वापर. माझं नाव घरात पडून काय करनार होतं? येताना लोणचं आणलं होतं तिनं. असं लोणचं मी परत खाल्लं नाय.”

निघताना प्रमिलाही काशीबाईंच्या पाया पडली. मघाशी अमित चुकून पडला होता, ती मुद्दाम पडली. ठमी आता तानी नावाच्या मुलीकडे सापगावला राहते, हे काशीबाईंनीच सांगितलं. ते ऐकून प्रमिला जागच्या जागी थांबली. शेणव्याहून शहापूरला जाताना सापगाव लागतं. बाजाराला, दवाखान्याला, सारिकाच्या ऑफिसला, इतक्या वर्षांत ती शेकडो वेळा त्या गावावरून गेली होती.

सापगावला नदीकडच्या वस्तीत एक म्हातारी दारात सूप घेऊन बसली होती. सुपात बारके मासे. प्रमिलाने तिला रस्त्यावरूनच ओळखलं. केस पांढरे झाले होते, डोळ्यांवर जाड चष्मा होता, पण सूप धरायची ढब तीच होती.

“मावशी,” ती म्हणाली, “मी सुक्याची प्रमिला. शाळेतली.”

म्हातारीने मान वर केली. किती मुलींना जेवू घातलं असेल तिने. तिला चटकन ओळख लागेना.

“माझा भाऊ तू स्वयंपाकघरात ठेवला होता.”

“अम्या?” म्हातारीचा आवाज एकदम चढला. “वरणाच्या टोपात हात घालायचा तो अम्या?”

अमित पुढे झाला. तो सहा फुटांच्या आसपास.

“वाक रे, दिसत नायस मला.”

तो वाकला. तिने माशांचे हात पदराला पुसले, त्याच्या कपाळावरून बोटं फिरवत डाव्या भुवईशी आली आणि थांबली. “ही खोक माझ्या चुलीची हाय. लाकडावर पडला होतास.”

ती खूण भट्टीवरच्या विटेची आहे, असंच अमित आजवर समजत आला होता. तो तिथेच मातीत बसला. मग त्याने विचारलं, “मी रडायचो का गो मावशी?”

“पैला आठवडा लय रडलास. मंग नाय. वैशाखात तुझी आई न्यायला आली, तवा मी रडले.”

मुलगी तानी आतून बाहेर आली. चहा झाला. प्रमिलाने येण्याचं कारण सांगितलं. काशीबाईंची भेट झाल्याचंही सांगितलं. ठमी ऐकत होती. मग म्हणाली, “तुझ्या शाळेच्या कागदात मी कदीच नव्हते पोरी. शेवटच्या वर्षी मोठा साहेब आला. बोलला, काशी मेंगाळ कोण? कोणच बोललं नाय. मंग माझ्याकडं बघून बोलला, तू कोण? मी बोलले, कोण नाय, भांडी घासाय आलेय. दुसऱ्या दिवशी निघाले.”

“म्हणून तर,” प्रमिला म्हणाली. “लोणच्याला तुझं नाव लावायचं. काशीमावशी नाय. ठमीमावशी.”

ठमी खो खो हसली. तिचं सगळं अंग हललं. “ठमी काय लोणच्याचं नाव हाय? शेरातली लोकं दात काढतील.”

तानीला मात्र हसू आलं नाही. “तुमी आईच्या नावानं धंदा करनार. उद्या माल खराब निघाला त? लोकं कुनाला शिव्या देतील? तिलाच ना? एकदा तिला दुसऱ्याच्या नावाखाली ठेवलं. आता तिच्या नावाखाली दुसरे राहनार.”

प्रमिलाला राग आला नाही. बोलणं खरंच होतं. ती म्हणाली, “मला नाय सुचत ताई. तुमी सांगा काय करू.”

उत्तर ठमीने दिलं. “मला चाखायला द्यायचं. हरसाल. मी हो बोलल्याबिगर एक बरणी भरायची नाय.”

“लिहून देते,” प्रमिला म्हणाली.

चार दिवसांनी सगळे सारिकाच्या ऑफिसात जमले. ठमीने धुतलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं. तानीने तिचं आधार कार्ड आणलं होतं, त्यावर ‘ठमी गोमा वाघ’. सारिकाने एकोणतिसाव्या वर्गात, म्हणजे लोणची ज्यात येतात त्या वर्गात, ‘ठमीमावशी’ शोधलं. मग उच्चाराने मिळतीजुळती नावं शोधली. मग इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून शोधलं. दिनेश वाकून स्क्रीनकडे पाहत होता.

“एकही नाही,” ती म्हणाली आणि हसायला लागली. “रोज लोक तीच ती नावं घेऊन येतात. इतकं कोरं पान मी पहिल्यांदाच पाहतेय. हे नाव कुणी मागितलंच नाही आजवर.”

“कोन मागंल?” ठमी म्हणाली.

“म्हणून तर तुमचं आहे.”

संमतीचा कागद नोटरीसमोर करायचा होता. नोटरी म्हणजे समोरच्याच बाकावर बसणारे एक वयस्कर वकील. त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. ठमीने अंगठा शाईवर टेकवला, कागदावर नेला आणि मध्येच थांबली.

“आदी वाच,” ती सारिकाला म्हणाली. “काय लिवलंय त्ये सगळं वाच.”

सारिकाने वाचलं. मी, ठमी गोमा वाघ, राहणार सापगाव, तालुका शहापूर, स्वखुशीने लिहून देते की माझं नाव प्रमिला दिनेश हिलम यांनी त्यांच्या लोणच्यासाठी वापरण्यास माझी संमती आहे. चव मी दरवर्षी स्वतः पाहीन, आणि ती बिघडल्यास संमती मागे घेण्याचा हक्क माझ्याकडे राहील.

“परत एकदा. पैली ओळ.”

“मी, ठमी गोमा वाघ.”

“कुठं लिवलंय?”

सारिकाने कागद तिच्या चष्म्याजवळ धरून बोट ठेवलं. “हा बघा ठ. गोल आहे तो.”

ठमी त्या गोल अक्षराकडे पाहत राहिली. शाई वाळत आली, तेव्हा नोटरींनी पॅड पुन्हा पुढे केला. ठमीने नव्याने अंगठा भिजवला आणि कागदावर दाबला, जरा जास्तच वेळ.

प्रमिलाने त्या दिवशी अर्जावर सही केली. नंतर ती ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसली आणि रडली. चौथीतलं ते रडं राहून गेलं होतं, तिनेच दिनेशला तसं सांगितलं. शिकले म्हणून अर्ज वाचता आला, म्हणाली. मावशीने अमितला ठेवून घेतलं म्हणून शिकले.

करवंदं धरली तशी ठमी शेणव्याच्या वाडीवर आली. अमितने तिला मोटरसायकलवरून आणलं, इतक्या सावकाश की मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. वाडीतल्या बायकांनी पहिला घाणा तिच्यापुढे ठेवला. तिने एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, “नाय.”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

“मीठ मागाहून घातलंय. करवंदं फोडली का त्याच टायमाला मीठ लावायचं, चीक निघून जातो. पोरी, तुला सांगितलं होतं मी.”

“विसरले गो मावशी,” प्रमिला म्हणाली. ओरडा खाऊन ती हसत होती. तो घाणा वाडीतच वाटून टाकला, आणि तोंड वाकडं न करता सगळ्यांनी खाल्ला. दुसऱ्या घाण्याला ठमी लोणच्याच्या टोपाशी पाटावर बसून राहिली, कुणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी तिने चाखलं आणि मान डोलावली. मग बरण्या भरल्या.

वाशिंदच्या दुकानदाराने नाव वाचलं तेव्हा तोही हसला. पण हसलेलं माणूस नाव विसरत नाही. महिन्याभरात लोक ठमीमावशी मागू लागले. त्या दुसऱ्या बरण्या हळूहळू फळीवरून दिसेनाशा झाल्या. ठाकरवाडीच्या काशीबाईंकडे अमित स्वतः जाऊन दोन बरण्या देऊन आला.

ट्रेडमार्कचं काम सावकाश चालतं. अर्ज तपासला गेला, जर्नलमध्ये छापला गेला, चार महिने कुणी हरकत घेतं का याची वाट पाहिली गेली. कुणी घेतली नाही. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर सारिकाचा फोन आला, प्रमाणपत्र आलंय. तिने रंगीत प्रिंट काढून ठेवली होती. प्रमिला ती घेऊन थेट सापगावला उतरली.

ठमी नदीवर गेली होती. तानी एकटीच घरी होती. तिने हात धुतले, पुसले, कागद दोन्ही हातांनी धरला आणि एकेक अक्षर लावत वाचला. सरकारी शिक्का, नंबर, आणि मधोमध आईचं नाव.

“ताई,” ती म्हणाली, “याची एक झेरॉक्स मला देशील? आईच्या नावाचा असा कागद आमच्याकडं नाय.”

“हाच ठेव तू,” प्रमिला म्हणाली. “झेरॉक्स मी काढून घेते.”

दोघी नाक्यावरच्या दुकानात गेल्या, प्रमिलाने स्वतःसाठी काळीपांढरी प्रत काढून घेतली आणि मूळ कागद तिथेच लॅमिनेट करून तानीच्या हातात दिला. तानी तो पदराखाली धरून नदीच्या वाटेने आईला दाखवायला निघाली.